भूस आणि धान्य : मराठी-कन्नड दलित लेखन आणि समावेशाचा प्रश्न

१

शहरांच्या जन्मकथांमध्ये नांगराला मानाचे स्थान असते. पुण्याच्या उजाड झालेल्या भूमीवर जिजाबाईंनी सोन्याचा नांगर फिरविला, ही आख्यायिका मराठी मनात पक्की रुजलेली आहे. बंगळूरच्या स्थापनेची आख्यायिकाही याच वळणाची आहे. येलहंका नाडाचा प्रभू पहिला केंपेगौडा याने १५३७ मध्ये नवे नगर वसविण्याचे ठरविले, तेव्हा एका मध्यबिंदूपासून चार दिशांना सजविलेले बैल नांगरासह सोडण्यात आले आणि त्यांनी ओढलेल्या रेषांवर नगराचे मुख्य रस्ते आखले गेले, असे सांगतात. या दोन शहरांना जोडणारा एक धागा इतिहासातही आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले, केंपेगौडाचे घराणे मागडीकडे सरकले आणि बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली. पुणे आणि बंगळूर ही एकाच जहागीरदाराची दोन ठाणी झाली. येलहंका आज बंगळूर महानगराचे उत्तरेकडील उपनगर आहे. रेल्वेच्या चाकांचा कारखाना आणि वायुदलाचा तळ यांमुळे त्याचे नाव देशभर माहीत असते. परंतु नगराची मूळ प्रेरणा जिथून निघाली ते गाव हेच.

केंपेगौडाने वसविलेल्या पेठांची नावे अजून टिकून आहेत. कापसाची अरळेपेटे, तांदळाची अक्कीपेटे, कुंभारांची कुंबारपेटे, तेल्यांची गाणिगरपेटे. व्यवसायवार रचना म्हणजे त्या काळी बहुतांशी जातवार रचना. नगराच्या आखणीत प्रत्येकाला जागा होती, आणि ही जागा कोणती हे प्रत्येकाच्या जन्माने आधीच ठरविलेले होते. सामाजिक समावेशाचा विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही. जातिव्यवस्था माणसाला केवळ बाहेर ठेवीत नाही. ती त्याला एका ठरीव जागी बसवितेही. गावगाड्यात महार-मांगांना स्थान होतेच. त्यांच्यावाचून गाव चालत नव्हते. त्या स्थानाचे नाव मात्र मराठीत महारवाडा आणि मांगवाडा होते, कन्नडमध्ये केरी.

नांगराच्या या आख्यायिका सांगतात की फाळ कोणी फिरविला. जू कोणाच्या मानेवर होते हे विचारण्याची गरज त्यांना भासत नाही. हा न विचारलेला प्रश्न कन्नड कवी सिद्धलिंगय्या यांच्या 'ऊरु केरी' या आत्मकथनाच्या प्रारंभीच समोर येतो. स्थळ आहे मागडी तालुक्यातील मंचनबेले. म्हणजे बंगळूर गमावल्यावर केंपेगौडाचे वंशज जिथे गेले तोच मुलूख. दलित वस्तीतील एक लहान मुलगा शेजारच्या जमीनदाराचे शेत पाहत असतो. नांगराला बैलांच्या जागी दोन माणसे जुंपलेली आहेत आणि मागून तिसरा नांगर धरून चालला आहे. त्या दोघांपैकी एक आपला बाप आहे, हे मुलाच्या ध्यानात येते. लेखक या दृश्यावर भाष्य करीत नाही, आक्रोश तर मुळीच करीत नाही. आख्यायिकेतील बैलांची सजावट उतरवून तिच्या जागी जन्मदात्याला उभे करणे एवढेच तो करतो. शहराची जन्मकथा आणि कवीची जन्मकथा शेजारी ठेवून वाचल्या की 'समावेश' हा शब्द किती निसरडा आहे याची कल्पना येते. जुवाखालचा माणूस व्यवस्थेत पुरेपूर समाविष्टच होता.

२

कन्नड साहित्यविश्वात या प्रश्नाला वाचा फुटली ती एका शब्दाने. तो शब्द एखाद्या समीक्षकाने उच्चारलेला नव्हता. देवराज अरसू यांच्या मंत्रिमंडळातील दलित मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी नोव्हेंबर १९७३ मध्ये म्हैसूर येथील एका सभेत कन्नड साहित्यातील बराचसा भाग 'बूसा' आहे, असे विधान केले आणि दलित विद्यार्थ्यांनी इंग्रजी शिकावे, असा सल्ला दिला. बूसा म्हणजे जनावरांपुढे टाकायचा कोंडा. मराठीतील भूस हा त्याचाच सख्खा भाऊ. या विधानाने कर्नाटकात आगडोंब उसळला. भाषाभिमानी विद्यार्थ्यांचे मोर्चे निघाले, दलित विद्यार्थ्यांवर हल्ले झाले आणि अखेर बसवलिंगप्पांना मंत्रिपद सोडावे लागले. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेला कर्नाटकात बंदी घालणारे मंत्री म्हणूनही त्यांची ओळख आहे. संसदेने या विषयावर कायदा केला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९९३ मध्ये. पुढे येलहंका या त्या काळी अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या मतदारसंघाचे त्यांनी विधानसभेत प्रतिनिधित्व केले. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

या विधानाकडे राजकीय उद्दामपणा म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे. ते वाङ्मयीन विधान म्हणून वाचून पाहिले पाहिजे. धान्य आणि भूस वेगळे करणे हे समीक्षेचे पारंपरिक काम आहे. प्रत्येक अभिजात परंपरा आपले सूप घेऊन बसलेली असते. काय ठेवावे आणि काय उडवून द्यावे याचा निवाडा ती करते. बसवलिंगप्पांनी त्या सुपाचेच तोंड फिरविले. ज्या माणसाच्या वाट्याला खळ्यावर राबूनही धान्य आले नाही, त्याने पाखडणी हाती घेतली तर परंपरेतील किती दाणे त्याला भरीव वाटतील, असा त्या विधानातील खरा प्रश्न होता. विधान सरसकट होते, त्यामुळे अन्यायकारकही होते. बाराव्या शतकातील वचनकारांना बूसा म्हणता येणार नाही. वचनांमध्ये चांभार, ढोर, नावाडी आणि झाडूवाले यांनी कन्नड भाषा घडविली आहे. परंतु अतिशयोक्त विधानातूनही एखादा खरा प्रश्न पुढे येऊ शकतो, आणि तसे येथे झाले.

या घटनेचा सर्वांत विलक्षण भाग पुढेच आहे. ज्या दलित तरुणांनी बसवलिंगप्पांची पाठराखण केली त्यांनी कन्नडचा त्याग केला नाही. सिद्धलिंगय्यांचा 'होलेमादिगर हाडु' हा कवितासंग्रह १९७५ मध्ये आला. देवनूर महादेव यांनी नंजनगूड परिसरातील दलितांची बोली गद्यात आणली आणि 'ओडलाळ', 'कुसुमबाले' यांसारख्या कृतींनी कन्नड कथनाची दिशा बदलली. 'कुसुमबाले'ला १९९० मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कन्नड साहित्य भूस आहे या आरोपाला सर्वांत समर्थ उत्तर आरोप करणाऱ्यांच्याच बाजूने, आणि कन्नडमध्येच, दिले गेले.

संस्थांचा प्रवास याहून संथ होता. धर्मस्थळ येथील कन्नड साहित्य संमेलनात दलित साहित्यावर स्वतंत्र परिसंवाद असावा ही मागणी मान्य झाली नाही, तेव्हा १९७९ मध्ये बंगळुरात बंडाय साहित्याचे वेगळे संमेलन भरले. 'बूसा' प्रकरणात पोळलेल्या पिढीतील सिद्धलिंगय्या पुढे कन्नड विकास प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले आणि २०१५ मध्ये श्रवणबेळगोळ येथील कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. एका परिसंवादाला नकार मिळण्यापासून संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंतचे हे अंतर छत्तीस वर्षांचे आहे.

३

मराठी वाचकाला या साऱ्या हकीकतीत आपलाच इतिहास दिसावा. १९५८ मधील पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाच्या भाषणात अण्णाभाऊ साठे यांनी पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नसून दलित आणि श्रमिकांच्या तळहातावर तरलेली आहे, असे प्रतिपादन केले होते. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय आणि गंगाधर पानतावणे यांनी संपादिलेले 'अस्मितादर्श' यांच्याभोवती एक पिढी उभी राहिली. १९७२ या एकाच वर्षात दलित पँथरची स्थापना झाली, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि 'साधना'च्या स्वातंत्र्यदिन विशेषांकात राजा ढाले यांनी राष्ट्रध्वजाच्या अवमानाला मिळणारी शिक्षा आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला मिळणारी शिक्षा यांची तुलना मांडून महाराष्ट्राला हादरविले. म्हैसूरचे भाषण त्यानंतर जेमतेम सव्वा वर्षाने झाले.

दोन्ही भाषांत ठिणगी पडली ती मापाच्या प्रश्नावरून. ढाले यांनी विचारले की प्रतीकाचा अवमान आणि देहाचा अवमान यांपैकी समाज कोणाला जड मानतो. बसवलिंगप्पांनी विचारले की साहित्याचे वजन कोणत्या तराजूत केले जाते. आणि दोन्हीकडे प्रस्थापितांचा पहिला प्रतिसाद प्रश्नाला उत्तर देण्याचा नव्हता. प्रश्न विचारण्याची भाषा असभ्य आहे, हे दाखविण्याचा होता.

साहित्यव्यवहारात समावेशाच्या दोन रीती संभवतात. पहिल्या रीतीत इमारत तशीच राहते आणि तिला एक खोली जोडली जाते. वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत शेवटी 'दलित साहित्य' नावाचे प्रकरण येते. अभ्यासक्रमात एखादे आत्मकथन नेमले जाते. संमेलनात एक परिसंवाद ठेवला जातो. यातील कोणतीही गोष्ट क्षुल्लक नाही, प्रत्येक गोष्ट झगडून मिळविलेली आहे. शंकरराव खरात १९८४ मध्ये जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु शेवटचे प्रकरण वाचून आधीच्या प्रकरणांत काहीही बदल करावासा वाटत नसेल, तर ग्रंथालाही गावकूस असते असेच म्हणावे लागेल. दुसऱ्या रीतीत नव्या कृतींच्या उजेडात आधीचे सगळे पुन्हा वाचावे लागते. 'बलुतं' वाचल्यानंतर ग्रामीण कादंबरीतील गाव पूर्वीसारखे राहत नाही. त्या गावात कोण बोलत नव्हते हे ऐकू येऊ लागते. समावेशाची खरी कसोटी बाहेरचा आत आला की नाही एवढ्यावर थांबत नाही. आतल्याची दृष्टी बदलली की नाही, हेही तिला तपासावे लागते.

४

या दृष्टीने दोन्ही भाषांतील आत्मकथनांची शीर्षके पाहण्याजोगी आहेत. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये, शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये. यातील 'उपरा' आणि 'उचल्या' यांना साहित्य अकादमीचे पुरस्कार लाभले. 'बलुतं' वगळता ही शीर्षके म्हणजे समाजाने माणसाला चिकटविलेली विशेषणे आहेत. लेखकाने ती झिडकारली नाहीत. उचलून मुखपृष्ठावर ठेवली. शिवी देणाऱ्याच्या तोंडून ती काढून घेण्याचा हा मार्ग आहे. कन्नडमध्ये अरविंद मालगत्ती यांनी १९९४ मध्ये तेच केले. राखीव जागांवरील दलितांना उद्देशून वापरला जाणारा 'गव्हर्नमेंट ब्राह्मण' हा टोमणा त्यांनी आत्मकथनाचे नाव म्हणून स्वीकारला. मराठीतील 'सरकारचे जावई' हा कुत्सित वाक्प्रचार ज्यांनी ऐकला आहे त्यांना या शीर्षकाचा दंश समजावून सांगावा लागत नाही. दोन्ही टोमण्यांत एक गोष्ट समान आहे. हक्काने मिळालेल्या जागेला ते कृपेने मिळालेली जागा ठरवितात.

'बलुतं' हे शीर्षक मात्र निराळे आहे. बलुते म्हणजे कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा. शब्दाच्या पोटात हक्क आहे. परंतु महाराच्या वाट्याला आलेल्या या हक्काबरोबर लाचारीही आली. दया पवारांनी दगडू मारुती पवार आणि दया पवार अशी आपल्याच व्यक्तित्वाची दोन रूपे समोरासमोर ठेवली आणि त्यांपैकी दगडूला बोलते केले. सुशिक्षित, शहरी दया पवार ऐकतो. गावचा आणि मुंबईच्या कावाखान्याचा दगडू सांगतो. ही केवळ निवेदनाची युक्ती म्हणून सोडून देता येत नाही. शहरात समाविष्ट झालेल्या माणसाला आपल्यातील असमाविष्ट माणसाचे ऐकून घ्यावे लागते, हा या रचनेचा अर्थ आहे. समावेशाची किंमत म्हणून दगडूला गप्प बसविण्याचे लेखकाने नाकारले.

'ऊरु केरी' हे शीर्षक याच्याही पुढे जाते. त्यात व्यक्ती नाही, विशेषण नाही. दोन जागा आहेत. ऊरु म्हणजे गाव, केरी म्हणजे गावाबाहेरची वस्ती. दोहोंमध्ये 'आणि' हा शब्दही नाही. गावाला वगळून केरीचे चरित्र लिहिता येत नाही, आणि केरीला वगळून लिहिलेले गावाचे चरित्र खोटे ठरते, असा या जोडशब्दाचा आशय आहे. मराठीत 'गावकुसाबाहेरचा' हा शब्द वर्षानुवर्षे वापरला गेल्यामुळे त्यातील मूळ दृष्टी लक्षात येईनाशी झाली आहे. हा शब्द गावात उभ्या असलेल्या माणसाचा आहे. केरीत उभे राहून पाहिले तर कुसाबाहेर गावच असते.

५

मराठीत दलित साहित्याच्या निकषांची चर्चा सर्वांत व्यवस्थितपणे शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' या १९९६ मधील ग्रंथात केली. आनंद हा कलेचा सार्वत्रिक निकष दलित साहित्याला लावता येणार नाही, कारण ज्या अनुभवाने वाचक अस्वस्थ व्हायला हवा त्याच्याकडून आनंदाची अपेक्षा करणे हेच विपरीत आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आहे. हा युक्तिवाद बिनतोड आहे, जोवर 'आनंद' म्हणजे आस्वादकाचा आनंद असा अर्थ घेतला आहे तोवर. दुःखाच्या कथनाचा कोणी सुखाने आस्वाद घेऊ लागला, तर शेजारच्या शेतात जुंपलेला माणूस त्याच्यासाठी पुन्हा एक देखावा होऊन बसतो.

परंतु आस्वादकाच्या आनंदाबरोबर पात्रांचा आनंदही समीक्षेच्या दृष्टीआड झाला, तर एक नवी अडचण निर्माण होते. 'ओडलाळ' या कृतीत साकव्वा नावाची म्हातारी आपला हरवलेला कोंबडा शोधीत फिरते. सावकाराकडून चोरलेल्या भुईमुगाच्या शेंगा रात्री घरात येतात. सारे कुटुंब जमते आणि शेंगा फोडून खाते. पुढे पोलिसांची झडती होते. सारांश सांगितला तर ही भूक, चोरी आणि दमन यांची कथा आहे. मजकूर वाचला तर त्या रात्रीच्या शेंगा खाण्यात एक उत्सव आहे. थट्टा आहे, हावरेपणा आहे, लहानांचे लाड आहेत. सिद्धलिंगय्यांच्या आत्मकथनातही हसू सर्वत्र पसरलेले आहे. स्मशानातील थडग्यांच्या सान्निध्यात अभ्यास आणि कविता करणारा हा विद्यार्थी आपल्या विपन्नतेकडे मिस्किलपणे पाहतो. येलहंक्याहून उत्तरेकडे निघालेली वाट ज्या दोड्डबळ्ळापूरला पोचते, तेथील विणकर कुटुंबात जन्मलेले समीक्षक डी. आर. नागराज यांनी 'द फ्लेमिंग फीट' या १९९३ मधील ग्रंथात दलित चळवळीचा विचार करताना केवळ वंचिततेच्या भाषेत दलितांचे वर्णन करण्याच्या मर्यादा दाखविल्या. दलित समूहांजवळ देव आहेत, कथा आहेत, कला आहेत. त्या सर्वांचा वारसा सोडून देऊन मिळणारी आधुनिकता त्यांना अपुरी वाटत होती.

मराठीत याला पुरावा नाही असे मुळीच नाही. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या १९८६ मधील पुस्तकात महारवाड्यातील सणावारांची, देवदेवस्कीची आणि बायकांच्या गप्पांची वर्णने अत्यंत रसरशीत आहेत. त्याच पुस्तकात घरातील सुनेच्या छळाचे चित्रणही आहे. वसंत मून यांच्या 'वस्ती'त नागपूरच्या दलित वस्तीतील आखाडे, खेळ आणि चळवळ एकमेकांत मिसळून येतात. समीक्षेने या पुस्तकांतून दुःखाचे दाणे वेचले आणि हसण्याला भूस समजून उडवून दिले, तर सूप पुन्हा जुन्याच हातात गेल्यासारखे होईल. ज्याला केवळ सहानुभूतीने वाचले जाते, तो पूर्ण माणूस म्हणून वाचला जात नाही. विद्रोह आणि विनोद, अपमान आणि खोडकरपणा हे सारे एकाच माणसाचे आहे, हे ओळखणारी वाचनदृष्टी म्हणजेच साहित्यातील समता.

६

समावेशाच्या फसव्या रूपाचे सर्वांत नेमके चित्र कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' या १९८१ मधील पुस्तकात सापडते. आपल्या संस्कृतच्या अध्ययनाची कहाणी त्यांनी सांगितली आहे. दलित मुलगी संस्कृत घेऊन एम. ए. होते, तिचे सत्कार होतात, कौतुकाची भाषणे होतात. नोकरी मात्र मिळत नाही. पुढे आंतरजातीय विवाह होतो, आडनाव बदलते, आणि शासकीय महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळते. लेखिका स्वतःच नोंदविते की ती जागा कुमुद सोमकुवरला मिळालेली नाही, कुमुद पावडेला मिळाली आहे. येथे दार उघडले, आणि ज्या कारणासाठी ते बंद होते ते कारण जागच्या जागी राहिले.

बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या शीर्षककथेतही दार असेच उघडते. रेल्वेत नोकरीला लागलेल्या तरुणाला परक्या गावी खोली हवी असते. जात न सांगितल्याने ती मिळते, प्रेम आणि आदरही मिळतो. जात कळताच मार मिळतो. शीर्षकातील 'चोरली' हे क्रियापद विचार करायला लावणारे आहे. लपविणे हा शब्द पुरेसा होता. परंतु ज्या समाजात सन्मान ही ठरावीक जातींची मालमत्ता आहे, तेथे दलिताने सन्मानाने राहणे ही चोरीच ठरते. औद्योगिक नगरे माणसाला निनावी करतील आणि निनावीपणातून मुक्त करतील, अशी विसाव्या शतकाची एक आशा होती. बागुलांची कथा त्या आशेच्या ऐन भरात लिहिलेली आहे आणि तिने त्या आशेची मर्यादा दाखवून दिली. भाड्याची खोली मागणाऱ्याला आडनाव आणि खाणेपिणे विचारणारा घरमालक मुंबई-पुण्यात असो की बंगळूरच्या उत्तरेकडील नव्या वसाहतींत, तो या कथेतील पात्राचा नातलग आहे.

दोन्ही लेखनांतून एकच निष्कर्ष निघतो. ओळख लपवून किंवा पुसून मिळालेला प्रवेश हा समावेश नव्हे. सोमकुवर या आडनावानेच अध्यापकाच्या खुर्चीवर बसता येणे, जात ठाऊक असूनही खोली मिळणे, आणि बोली न सुधारता वाङ्मयाच्या मध्यभागी उभे राहता येणे, ही समावेशाची लक्षणे आहेत.

७

मराठी आणि कन्नड यांच्या सीमेवरचे मंगळवेढे हे गाव या चर्चेत शेवटी आठवावे असे आहे. बाराव्या शतकात बिज्जलाच्या चाकरीत असताना बसवण्णांचे वास्तव्य तेथे होते असे परंपरा सांगते. चौदाव्या शतकात चोखामेळा तेथेच वेशीच्या बांधकामाखाली चिरडून गेला. एकाच गावात समतेची दोन महान स्वप्ने वावरली. कल्याणमध्ये अस्पृश्य मानलेल्या हरळय्याच्या मुलाचा विवाह ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झाला आणि त्याबद्दल दोन्ही बापांना देहदंड मिळाला, ही कथा गिरीश कार्नाड यांनी 'तलेदंड' या नाटकात मांडली. चोखोबाचे देहावशेष पंढरपूरला आणले गेले आणि त्याची समाधी महाद्वारासमोर झाली. संतमालिकेत त्याचा समावेश झाला. देवळात झाला नाही. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. मधल्या सहा शतकांत चोखोबाचे अभंग भक्तिभावाने गायले जात होते, आणि ते गाणाऱ्यांपैकी अनेकांना चोखोबाच्या वंशजांना दारात अडविताना त्यात विसंगती वाटत नव्हती. साहित्याचा गौरव आणि माणसाचा अवमान हे इतका दीर्घकाळ एकत्र नांदू शकतात, हा या इतिहासाने दिलेला इशारा आहे.

म्हणूनच दलित साहित्याला मिळालेले पुरस्कार, अध्यक्षपदे आणि पाठ्यपुस्तकांतील पाने यांवर समाधान मानून थांबता येत नाही. राखीव मतदारसंघाने बसवलिंगप्पांना विधिमंडळात नेले आणि त्यामुळे मैला वाहणाऱ्या माणसाचा प्रश्न मंत्र्याच्या टेबलावर पोचला. राखीव जागेची किंमत यातून सिद्ध होते. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी केवळ राखीव जागेवरून आलेल्यांची नव्हती. वाङ्मयाचेही तसेच आहे. संकलनातील राखीव प्रकरण आवश्यक होते आणि आहे. त्या प्रकरणाने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मात्र उरलेल्या सर्व प्रकरणांना द्यावी लागतील. केशवसुतांच्या नव्या शिपायाला, मर्ढेकरांच्या यंत्रयुगातील माणसाला आणि ग्रामीण कथेतील पाटलाला जेव्हा दगडू मारुती पवार आणि साकव्वा यांच्या शेजारी बसवून वाचले जाईल, आणि साकव्वेला कोणी शेवटच्या रांगेत ढकलणार नाही, तेव्हा पाखडणी नव्याने सुरू झाली असे म्हणता येईल. त्या पाखडणीत काही जुने दाणे पोकळ निघतील, काही नवेही पोकळ निघतील; जे उरेल ते मात्र सर्वांच्या साक्षीने निवडलेले असेल.